फोर्कलिफ्ट येते आहे आणि ट्रक निघून गेला : डॉकवरची गाडी कोणी सोडायची?

तुमची हकीकत थोडक्यात अशी. डॉकला, म्हणजे माल चढवायच्या गोदामाच्या उंच कट्ट्याला, ट्रेलर लागलेला, निम्माअधिक माल भरून झालेला. फोर्कलिफ्टचा ऑपरेटर पुढचे पॅलेट (माल रचलेली लाकडी फळी) घेऊन आला तर समोर ट्रेलर नाही. ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली होती. ऑपरेटरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून फोर्कलिफ्ट डॉकच्या कडेवर थांबली. नंतर त्या ड्रायव्हरला गेटबंदी झाली आणि भिंतीवर ‘चाकाखाली ठोकळे लावल्याशिवाय गाडी भरू नये’ असा फलक लागला. तुम्ही विचारता, एवढे पुरे आहे का, की गाडी जखडून ठेवणारी महागडी यंत्रणा बसवायलाच हवी?

एवढे पुरे नाही. पण महागडी यंत्रणा हा एकच मार्ग आहे असेही नाही. गोदामांच्या डॉकवर सुरक्षेचे काम करताना मी हा प्रकार वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि दर वेळी चौकशी ‘ड्रायव्हरचा निष्काळजीपणा’ या दोन शब्दांवर येऊन थांबते. तिथे थांबू नका. गाडी हलवायचा निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि ज्याचा जीव त्या निर्णयावर टांगलेला आहे त्याच्या हातात काहीच नाही. तुमच्या डॉकवरची खरी अडचण ही आहे. माणूस बदलला तरी ती तशीच राहते.

ड्रायव्हरच्या जागी बसून पाहा. तो केबिनमध्ये, त्याच्या मागे बारा-पंधरा मीटरचा बंद डबा. आरशात त्याला ट्रेलरच्या बाजू दिसतात, डॉकच्या आतले काहीच दिसत नाही. भरणे चालू आहे हे त्याला कळते ते फोर्कलिफ्ट आत शिरताना बसणाऱ्या धक्क्यांवरून. धक्के थांबले की त्याच्या दृष्टीने काम संपले. प्रत्यक्षात ऑपरेटर बॅटरी बदलायला गेला असेल, पाळी बदलली असेल, एखादे पॅलेट सापडत नसेल. मग कुठेतरी शटर खाली आल्याचा आवाज येतो, तो शेजारच्या डॉकचा असतो. कोणीतरी हात हलवतो, तो दुसऱ्याच गाडीसाठी असतो. किंवा ऑफिसातून कागद हातात पडतात. माझ्या अनुभवात हा सर्वांत फसवा इशारा. कागद तयार झाले म्हणजे गाडी भरली असे ड्रायव्हर धरून चालतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण बहुतेक ठिकाणी तसेच असते. ऑफिसने मात्र गर्दी टाळायला कागद आधीच काढून ठेवलेले असतात.

म्हणून माझी पहिली विनंती, त्या ड्रायव्हरशी बोला. दरडावून नव्हे. ‘काम संपले असे तुम्हाला कशावरून वाटले?’ एवढेच विचारा. तो जे सांगेल ती तुमच्या डॉकची खरी त्रुटी. दुसऱ्या ड्रायव्हरलाही उद्या तोच आवाज ऐकू येणार आहे, तोच कागद मिळणार आहे. गेटबंदी केल्याने हे सांगू शकणारा एकमेव माणूस तुम्ही बाहेर घालवलात.

आता ठोकळ्यांकडे येऊ. ठोकळे लावायलाच हवेत, यात वाद नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमावलीत फोर्कलिफ्टविषयीचे कलम १९१०.१७८ आहे. फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये शिरण्याआधी ट्रकचे ब्रेक लावलेले हवेत आणि मागच्या चाकांना ठोकळे हवेत, असे ते स्पष्ट सांगते. पण ठोकळा कशासाठी असतो हे नीट समजून घ्या. तो गाडी सरकू नये म्हणून असतो. ड्रायव्हरने इंजिन सुरू करून गिअर टाकला तर भरलेला ट्रक ठोकळ्यावरून चढून जातो, नाहीतर त्याला ढकलत नेतो. तुमच्याकडे गाडी सरकली नाही, ती चालवत नेली गेली. दुखणे वेगळे आणि फलकावरचे औषध वेगळे, असे झाले आहे.

सरकणे हाही स्वतंत्र धोका आहे, आणि तो हळूहळू वाढत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. अडीच टन उचलणारी काउंटरबॅलन्स (मागे समतोलाचे वजन असलेली) फोर्कलिफ्ट स्वतःच साडेतीन-चार टनांची असते, म्हणजे पॅलेटसह सहा टनांच्या आसपास. ती ट्रेलरमध्ये शिरून ब्रेक मारते तेव्हा ट्रेलरला डॉकपासून दूर ढकलते. माल ठेवून रिव्हर्समध्ये वेग घेत बाहेर येते तेव्हाही दूरच ढकलते. नावेतून काठावर पाय टाकताना नाव मागे सरते, तसेच. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ढकलणे एकाच दिशेला. प्रत्येक फेरीला ट्रेलर थोडा थोडा पुढे जातो. डॉक लेव्हलर म्हणजे डॉक आणि ट्रेलर यांतली फट सांधणारा हलता पूल; त्याची लिप, म्हणजे पुढची पट्टी, ट्रेलरच्या फरशीवर निदान १०० मिलिमीटर तरी टेकलेली हवी. ती टेक कमी कमी होत जाते आणि एका फेरीला लिप निसटते, नेमकी फोर्कलिफ्ट तिच्यावर असताना.

एअर सस्पेन्शनचे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर टेकलेले, ट्रेलर असतील तर हे आणखी वाढते. वजन चढले-उतरले की ट्रेलरचा डबा खाली-वर होतो. ब्रेक आवळलेले असताना सस्पेन्शनचा हात वर-खाली झाला की चाक किंचित फिरते आणि ट्रेलर जागेवरून चालतो. अशा गाड्यांत भरायला सुरुवात करण्याआधी सस्पेन्शनमधली हवा सोडून द्यायला सांगा. काही ट्रेलरमध्ये पार्किंग ब्रेक लावताच ती आपोआप सुटते, काहींत ड्रायव्हरला बटण दाबावे लागते. पुष्कळ ड्रायव्हरांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

ठोकळा कुठे लावायचा यातही गोंधळ असतो. धोका पुढे जाण्याचा आहे, म्हणून ठोकळा मागच्या चाकाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे केबिनकडच्या बाजूला, चाकाला घट्ट भिडवून हवा. दोन्ही बाजूंना. बरेच जण उतार डॉककडे आहे म्हणून चाकाच्या मागे ठोकळा लावतात. त्या दिशेला गाडी डॉकच्या रबरी बफरला टेकलेलीच असते, तिथे ठोकळा काही राखत नाही. ओल्या, तेलकट किंवा खडीच्या जमिनीवर ठोकळा घसरतो, तेव्हा ती जागा साफ ठेवणे हेही ठोकळा लावण्याचेच काम आहे. विटा, दगड, लाकडाचे तुकडे नकोत. रबराचे तयार ठोकळे साखळीने डॉकच्या भिंतीला बांधून ठेवा, नाहीतर महिन्याभरात ते गाड्यांबरोबर निघून जातील.

आणि ठोकळा लावायला माणूस दोन गाड्यांच्या मधल्या फटीत जातो हे विसरू नका. इंजिन बंद आणि किल्ली बाहेर, त्यानंतरच तो आत जाईल. हा क्रम उलटा झाला तर सुरक्षेच्या साधनापायीच माणूस चिरडला जाईल.

आता तुमच्या मुख्य धोक्याचा उपाय. मी सगळ्यात आधी जे करायला सांगतो त्याला फारसा खर्च येत नाही. गाडी डॉकला लागली, हँडब्रेक लागला, इंजिन बंद झाले की ड्रायव्हरने किल्ली घेऊन खाली उतरायचे. किल्ली डॉकच्या आतल्या बाजूला, त्या दाराचा क्रमांक असलेल्या पेटीत जाते. पेटीला ऑपरेटरचे स्वतःचे कुलूप. किल्ली पेटीत पडल्याशिवाय शटर उघडायचे नाही. भरणे संपले, ऑपरेटर बाहेर आला, लेव्हलर जागेवर गेला, शटर बंद झाले, मग ऑपरेटर स्वतः पेटी उघडतो आणि किल्ली ड्रायव्हरच्या हातात देतो. सुपरवायझर नाही, ऑफिस नाही, गेटवरचा माणूस नाही. ज्याचे शरीर आत होते त्यानेच सोडायचे. कागदही त्याच क्षणी, किल्लीबरोबर.

या पद्धतीचा जीव त्या ‘स्वतः’मध्ये आहे. मी अशी गोदामे पाहिली आहेत जिथे किल्ल्या ऑफिसच्या टेबलावर एका ट्रेमध्ये जमा होतात. दिसायला शिस्त दिसते. मग गर्दीच्या वेळी दोन एकसारख्या किल्ल्या अदलाबदल होतात, किंवा ‘सात नंबरचं झालं का?’ या प्रश्नाला कोणीतरी अंदाजाने ‘झालं’ म्हणतो. किल्ली आणि ऑपरेटर यांच्यामध्ये तिसरा माणूस आला की पुन्हा अंदाजावर काम सुरू होते. एकाच गाडीत दोन ऑपरेटर किंवा हमाल काम करत असतील तर प्रत्येकाचे आपापले कुलूप किंवा बिल्ला पेटीवर हवा. शेवटचा निघाल्याशिवाय पेटी उघडता कामा नये.

किल्लीच्या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या तुमच्या गाड्यांवर अवलंबून आहेत. दुसरी किल्ली खिशात असणारे ड्रायव्हर असतात. काही गाड्यांची मागची लिफ्ट चालवायला इग्निशन चालू लागते. शीतगाडीचे थंडावा देणारे यंत्र सहसा वेगळ्या इंजिनावर चालते, त्यामुळे ‘किल्ली दिली तर माल खराब होईल’ हे कारण बहुधा टिकत नाही, पण त्या गाडीपुरते विचारून खात्री करा. सगळ्यात मोठा विरोध केबिन सोडण्याला असतो. त्यात ड्रायव्हरची बाजू मला मनापासून पटते. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला तुम्ही सावली, बसायला जागा, पाणी, शौचालय देणार नसाल तर तो केबिनमध्येच झोपणार, आणि झोपेतून दचकून उठलेला ड्रायव्हर हाच डॉकवरचा मोठा धोका आहे. ड्रायव्हरसाठी नीट खोली हा सुरक्षेचाच खर्च आहे. मालकाला तो तसाच सांगा.

तुमच्याकडे ट्रॅक्टरला, म्हणजे केबिन-इंजिनच्या पुढच्या वेगळ्या गाडीला, जोडलेले ट्रेलर जास्त असतील तर किल्लीहून पक्का उपाय हवेच्या नळीवर आहे. ट्रेलरच्या ब्रेकसाठी ट्रॅक्टरकडून हवेच्या दोन नळ्या येतात. त्यातली लाल, म्हणजे पुरवठ्याची नळी काढली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळले जातात. तिच्या जोडावर कुलूप बसवले की ती पुन्हा जोडता येत नाही, आणि भरलेला ट्रेलर आवळलेल्या ब्रेकवर ओढून नेणे सोपे नाही. कुलपाची किल्ली आतल्या दाराच्या यंत्रणेत अडकवता येते, म्हणजे शटर उघडे आहे तोवर किल्ली बाहेर निघतच नाही. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात कोणाच्या आठवणीवर काही सोडलेले नसते. एक सक्त अट मात्र आहे. लाल नळी परत जोडण्याआधी ट्रॅक्टरचा आणि ट्रेलरचा, दोन्हींचे पार्किंग ब्रेक लावलेले आहेत हे ड्रायव्हरने पाहिलेच पाहिजे. ते नसतील तर नळी जोडताच ट्रेलरचे ब्रेक सुटतात, अख्खी गाडी चालू लागते आणि ड्रायव्हर त्या वेळी ट्रॅक्टर व ट्रेलरच्या मध्ये उभा असतो. अशी माणसे गेली आहेत. एकसंध ट्रकला हा उपाय लागू नाही, तिथे किल्लीच.

तुम्ही विचारलेली महागडी यंत्रणा म्हणजे डॉकखाली बसवलेला आकडा. ट्रकच्या मागे खाली जो आडवा लोखंडी बार असतो, मागून आदळलेली छोटी गाडी खाली घुसू नये म्हणून लावलेला, त्याला हा आकडा पकडतो. बाहेर ड्रायव्हरला लाल दिवा, आत ऑपरेटरला हिरवा, सुटल्यावर उलट. चांगली वस्तू आहे. पण घेण्याआधी आठवडाभर यार्डात उभे राहून तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे मागचे बार पाहा. वाकलेले, गंजलेले, कापून टाकलेले किंवा लिफ्टच्या आड गेलेले बार बरेच निघाले, तर आकडा पकडणार कशाला? मग ऑपरेटर बगल देणारे बटण दाबायला शिकतात आणि काही दिवसांत ते रोजचे होते. अशा ठिकाणी चाक अडवणारी यंत्रणा तरी पाहा, नाहीतर तो पैसा थांबवून आधी किल्लीची शिस्त बसवा. यंत्रणा घेतलीच तर एक अट ठेवा : गाडी पकडली गेल्याशिवाय लेव्हलर हलताच कामा नये. नुसते दिवे असतील तर ते दिवसा उन्हात दिसत नाहीत आणि रात्री सवयीने दिसेनासे होतात.

इथवरचा क्रम एकदा सलग सांगतो. गाडी लागली, हँडब्रेक, इंजिन बंद, एअर सस्पेन्शनची हवा सोडली, किल्ली पेटीत, मग ठोकळे, मग शटर, मग लेव्हलर, मग ट्रेलरच्या फरशीवर नजर, आणि मग फोर्कलिफ्ट. सुटताना नेमके उलट, आणि किल्ली सगळ्यात शेवटी.

फरशीवर नजर हे शब्द मी सहज टाकलेले नाहीत. फोर्कलिफ्ट भरलेली असते तेव्हा जवळजवळ सगळे वजन पुढच्या दोन चाकांवर येते. कुजलेली फळी तिथेच जाते. कलम १९१०.१७८ मध्ये फरशी तपासण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ती तपासणी ऑपरेटरने टॉर्च घेऊन चालत जाऊन करायची असते, फोर्कलिफ्टवर बसून नाही. सुटी डॉक प्लेट, म्हणजे फटीवर टाकायचा उचलता पत्रा, वापरत असाल तर ती जागेवर पक्की बसते का आणि तिच्या दोन्ही कडांना चाक घसरू नये अशी उभी पट्टी आहे का, तेही पाहा. ओशाने १७ जानेवारी २०१७ पासून नव्याने वापरात येणाऱ्या प्लेटांना ही पट्टी आवश्यक केली आहे. फोर्कलिफ्टसारखे वाहन कडेवरून घसरण्याचा धोकाच नसेल तेवढ्यापुरती सूट आहे.

ट्रॅक्टर सोडून नुसता ट्रेलर डॉकला ठेवत असाल तर ड्रायव्हर गाडी नेण्याचा प्रश्न उरत नाही, पण दुसरा येतो. ट्रेलरला उभे ठेवणारे पुढचे पाय नाकापासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, बरेच मागे असतात. फोर्कलिफ्ट माल घेऊन अगदी पुढच्या टोकाला गेली की तिचे वजन पायांच्या पुढे पडते आणि ट्रेलर नाकावर कलंडू शकतो, पाय वाकले तर आणखीच. नाकाखाली वेगळे जॅक स्टँड लावा. जमीन डांबरी असेल तर पायांखाली जाड पट्ट्या टाका; उन्हाने मऊ झालेल्या डांबरात पाय रुततात.

पायी माणसांविषयी थोडेच लिहितो, पण हा भाग कमी महत्त्वाचा मुळीच नाही. गाडी डॉकला रिव्हर्स येत असताना त्या गाळ्यात कोणीही नको. डॉकची उंची साधारण १.२ मीटर असते, म्हणजे माणूस सापडला तर छातीवर सापडतो, आणि बफरमुळे राहणारी वीतभर फट कोणाला वाचवत नाही. मागचे दार उघडायला विसरलेला ड्रायव्हर उतरून मागे येतो आणि दुसरा कोणी केबिनमध्ये बसून गाडी थोडी पुढे-मागे करतो, ही मी पाहिलेली सर्वांत भयंकर सवय. दारे डॉकपासून दूर, उभ्या गाडीवर उघडून, कडेला अडकवून मगच मागे यायचे. मागे घेताना इशारा देणारा एकच माणूस, तोही ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी. तो दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे, हे ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. गाडी नसलेल्या दाराचे शटर बंद, किंवा निदान फोर्कलिफ्टला थोपवेल असा आडवा दांडा. तुमच्या प्रसंगात ऑपरेटरने ब्रेक मारला नसता तर त्याला अडवणारे तिथे काही नव्हते. आणि सीट बेल्ट. फोर्कलिफ्ट कडेवरून गेली तर उडी मारणारा माणूस बहुतेक वेळा तिच्याच खाली सापडतो. बेल्ट लावून आत राहिलेल्याला वाचायची संधी असते.

किती लवकर किती करायचे हे तुमच्या दारांवर आणि गाड्यांवर ठरेल. चार दारे आणि ठरलेल्याच गाड्या असतील तर पेटी, कुलूप, ठोकळे आणि ड्रायव्हरची खोली यांत काम भागते. दारे पुष्कळ, रोज नवे ड्रायव्हर, त्यांची भाषा वेगळी, पाळ्या रात्रीच्याही, असे असेल तर तोंडी सूचनांवर काहीही ठेवू नका. तिथे नळीचे कुलूप किंवा आकडा यांचा खर्च योग्य ठरतो. उतार डॉकपासून बाहेर जाणारा असेल तर ठोकळ्यांच्या बाबतीत एकही सवलत देऊ नका.

यातले काहीही बसवले तरी मालकांकडून एक गोष्ट आधी लेखी घ्या : किल्ली पेटीत नसेल किंवा ठोकळा जागेवर नसेल तर ऑपरेटर भरणे थांबवू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. मग दर थांबवणुकीची एका ओळीत नोंद ठेवा : दार क्रमांक, वेळ, कारण. पहिल्या महिन्यात वही कोरी राहिली तर पद्धत चोख चालली आहे असे समजू नका. गर्दीच्या वेळी, न सांगता, स्वतः डॉकवर जाऊन प्रत्येक उघड्या शटरसमोरची पेटी तपासा : कुलूप लागले आहे का, किल्ली आत आहे का.